गाडीखाली सापडलेली डबी आणि पोलिसांची पाळत

प्रश्न : माझी मोटार नेहमीच्या देखभालीसाठी दिली असता मेकॅनिकला मागच्या बंपरच्या आतल्या बाजूस चुंबकाने चिकटलेली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी डबी आढळली. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. माझ्या पूर्वीच्या व्यावसायिक भागीदाराविरुद्ध फसवणुकीचा तपास चालू असून दोन महिन्यांपूर्वी पोलिसांनी माझाही जबाब घेतला होता. त्यामुळे ही डबी त्यांनीच लावली असावी, असा माझा समज आहे. मी ती अजून हलवलेली नाही. पोलीस न सांगता असे करू शकतात का? मी ती काढली तर माझ्यावरच गुन्हा दाखल होईल का? गाडी सार्वजनिक रस्त्यावरून सर्वांच्या डोळ्यांदेखत धावते, मग त्यात खासगीपणा कसला, असे माझा भाऊ विचारतो आणि मला उत्तर सुचत नाही. मुलगा म्हणतो, ती डबी लांब पल्ल्याच्या एखाद्या ट्रकला चिकटवून मोकळे व्हावे.

उत्तर : मुलाचा उपाय आधी बाजूला ठेवू, कारण तो ऐकायला गमतीचा असला तरी त्यात नुकसान आपलेच आहे. डबी पोलिसांची निघाली तर तपासाची जाणूनबुजून दिशाभूल केल्याचा ठपका आपल्यावर येईल. ती दुसऱ्या कोणाची निघाली तर पाळत ठेवणाऱ्याविरुद्धचा आपल्या हातातला एकमेव पुरावा एका अनोळखी ट्रकबरोबर निघून गेलेला असेल, आणि त्या ट्रकचालकाच्या हालचाली काही कारण नसताना कोणाच्या तरी हाती पडत राहतील, ते वेगळेच. आपण डबीला हात लावला नाही, हे फार चांगले केले.

आपल्या पत्रातला मला सर्वांत कच्चा वाटलेला भाग म्हणजे ती पोलिसांनीच लावली असावी हा समज. तपास चालू आहे आणि जबाब झाला आहे, म्हणून मन तिकडे धावणे स्वाभाविक आहे. पण ज्या भागीदाराशी आपले बिनसले त्यालाही आपण कोणाला भेटता हे जाणून घेण्यात तितकाच रस असू शकतो, आणि असे ट्रॅकर, म्हणजे वाहनाचे ठिकाण दुसऱ्याला कळवणारी यंत्रे, ऑनलाइन कोणालाही विकत मिळतात. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने किंवा विक्रेत्याने बसवलेले यंत्र तसेच राहिलेले असू शकते, आणि कर्जावर घेतली असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीने ते बसवलेले असू शकते. अशा वेळी करारनाम्यातल्या बारीक अक्षरांत त्याला आपली संमती घेतलेलीही असते, म्हणून तो कागद आजच काढून वाचावा. प्रवासी वाहतुकीच्या व्यावसायिक वाहनांवर असे यंत्र नियमानेच बसवावे लागते. पण आपली गाडी खासगी वापराची असल्याने तो प्रश्न येथे येत नाही.

डबी स्वतःही काही सांगते. जीपीएसचा भाग केवळ उपग्रहांचे संकेत ऐकून आपले ठिकाण काढतो. ते ठिकाण मालकाकडे पाठवण्याचे काम आतले सिमकार्ड मोबाइल नेटवर्कवरून करते, आणि या दोन्ही कामांना वीज लागते. कर्ज कंपनीचे किंवा चोरीपासून संरक्षणाचे यंत्र सहसा गाडीच्या वायरिंगला जोडलेले असते, त्यामुळे त्याला बॅटरीची चिंता नसते. चुंबकाने चिकटवलेल्या डबीची बॅटरी मात्र काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी संपते, मोठी असेल तर काही महिने टिकते, आणि ती संपली की कोणाला तरी पुन्हा गाडीपाशी यावे लागते. म्हणून टॉर्च लावून नीट पाहा. बंपरच्या आत सगळीकडे चिखलाचा वाळलेला थर असताना डबी तेवढी स्वच्छ आहे का, चुंबकाच्या कडेला ताजे ओरखडे आहेत का, की डबीवरही तोच जुना थर अखंड बसलेला आहे? स्वच्छ डबी आणि ताजे ओरखडे याचा अर्थ गाडी उभी असते तेथे अलीकडे कोणाचा तरी हात पोहोचला आहे, आणि मग त्या जागेवरचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी मागून ठेवणे हे पहिले काम ठरते.

आपल्या बंधूंचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण न्यायालयेही अनेक वर्षे तेच म्हणत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये नॉट्स प्रकरणात, क्लोरोफॉर्मच्या पिंपात बसवलेल्या रेडिओ संकेतयंत्राच्या मदतीने पोलिसांनी मोटारीचा माग काढला तो वैध ठरवताना, सार्वजनिक रस्त्यावरून जाणारा माणूस आपली जाण्याची दिशा सर्वांसमोर उघड करतच असतो, असाच युक्तिवाद मान्य केला होता. पुढे २०१२ मध्ये जोन्स प्रकरण त्याच न्यायालयासमोर आले. अमली पदार्थांच्या तपासात पोलिसांनी संशयिताच्या पत्नीच्या नावावरील जीपला जीपीएस यंत्र लावून २८ दिवस तिची नोंद घेतली होती आणि ती नोंद दोन हजारांहून अधिक पानांची झाली होती. यंत्र लावण्यासाठी न्यायालयाचे वॉरंट घेतलेले होते. पण ते दहा दिवसांत आणि वॉशिंग्टनच्या हद्दीत लावायचे होते, प्रत्यक्षात ते अकराव्या दिवशी आणि शेजारच्या मेरीलँड राज्यात लावले गेले. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ही घटनेने जिच्यापासून नागरिकाला संरक्षण दिले आहे अशी ‘झडती’ ठरते असा निकाल दिला, मात्र कारणे वेगवेगळी दिली. बहुमताने दुसऱ्याच्या मालमत्तेला परवानगीवाचून वस्तू चिकटवण्यावर बोट ठेवले, तर इतरांचा भर दीर्घकाळच्या नोंदीवर होता.

मला हा दुसरा विचार अधिक मोलाचा वाटतो, आणि बंधूंना उत्तर त्यातच आहे. आपली गाडी मंगळवारी सकाळी एका चौकातून गेली, हे तेथे उभ्या असलेल्या माणसाने पाहिले तर आपले काही गेले नाही. तीच गाडी महिनाभर कोठे किती वेळ उभी राहिली, कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या प्रार्थनास्थळी, कोणाच्या घरासमोर रात्री किती वाजेपर्यंत, हे सलग लिहून काढले की तो रस्त्याचा तपशील न राहता माणसाचे आयुष्य होते. आणि असे आयुष्य कोणत्याही एका वाटसरूने कधीच पाहिलेले नसते. पूर्वी हे सगळे जाणून घ्यायचे तर साध्या वेशातले पाच-सहा पोलीस पाळीपाळीने मागे लावावे लागत, आणि त्यांचा पगार, त्यांची झोप आणि त्यांच्या गाडीचे इंधन हेच नागरिकाचे संरक्षण होते, कारण खरोखर महत्त्वाच्या संशयितावाचून एवढा खर्च कोणी करत नसे. डबी झोपत नाही आणि भत्ता मागत नाही. तो जुना अडसर गेल्यामुळे कायद्याचा अडसर लागतो.

आपल्याकडे हाच वाद खरक सिंग प्रकरणात १९६२ साली झाला होता. दरोड्याच्या आरोपातून सुटलेल्या एका माणसावर उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीखाली पाळत ठेवली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्री घरी येऊन दार ठोठावणे घटनाबाह्य ठरवले, पण घराबाहेर गुप्त पहारा ठेवणे आणि हालचालींची नोंद घेणे चालू राहू दिले, आणि खासगीपणाचा अधिकार घटनेने दिलेलाच नाही असेही म्हटले. न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत दिले. डोक्यावर सतत नजर असलेला माणूस वरवर मोकळा फिरत असला तरी मोकळा नसतो, असा त्याचा आशय होता. बहुमताचे ते विधान २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणातील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द केले आणि खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचे एकमताने सांगितले. आज त्या अधिकाराला मर्यादा घालायची असेल तर शासनाला त्यामागे कायदा दाखवावा लागतो, वैध उद्दिष्ट दाखवावे लागते आणि योजलेला उपाय त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे हेही दाखवावे लागते.

आता आपला मुख्य प्रश्न, की पोलीस असे न सांगता करू शकतात का. एवढे खरे की गुप्त तपास सांगून होत नसतो. न सांगणे हा दोष नव्हे, आदेशावाचून आणि हिशेबावाचून करणे हा दोष आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्यात, झडती, जप्ती आणि कागदपत्रे व इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवण्याचे अधिकार आहेत. झडती घेतली तर कारणे लिहावी लागतात, पंच बोलवावे लागतात, पंचनामा होतो. पण नागरिकाच्या गाडीला गुपचूप ट्रॅकर लावण्याची प्रक्रिया, म्हणजे परवानगी कोणी द्यायची, किती दिवसांसाठी द्यायची, नोंदीचे पुढे काय करायचे आणि त्या माणसाला कधी कळवायचे, हे त्या संहितेत कोठेही घालून दिलेले नाही. येथे एक विसंगती उघड दिसते. टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयापासून गृह सचिवांच्या पातळीवरचा आदेश, ठरावीक मुदत आणि पुनर्विलोकन समिती अशी उतरंड आहे. आपण फोनवर काय बोललात यासाठी एवढा सोपस्कार, आणि ज्याच्याशी बोललात त्याच्या दारात किती तास थांबलात यासाठी एक चुंबक पुरेसा!

परदेशांतली तुलना यासाठीच उपयोगी पडते. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांच्या नियमांत ट्रॅकरच्या वॉरंटसाठी यंत्र दहा दिवसांच्या आत लावावे, ४५ दिवसांपेक्षा अधिक वापरू नये आणि वापर संपल्यावर दहा दिवसांत संबंधिताला कळवावे, अशी तरतूद आहे. कळवणे लांबवायचे असेल तर न्यायालयालाच विचारावे लागते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये उझुन प्रकरणात बॉम्बस्फोटांच्या तपासासाठी जर्मन पोलिसांनी सुमारे तीन महिने केलेला जीपीएसचा वापर योग्य ठरवला, कारण गुन्हे गंभीर होते आणि जर्मन कायद्यात त्याला आधार होता. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये बेन फैझा प्रकरणात फ्रान्सला दोषी धरले, कारण त्या वेळच्या फ्रेंच कायद्यात पोलिसांनी हे केव्हा आणि कसे करावे हे पुरेशा नेमकेपणाने लिहिलेले नव्हते. यंत्र दोन्हीकडे तेच होते. निकाल लिखित कायद्यावर ठरला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात याच दिशेने एक पाऊल टाकले आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका आरोपीला जामीन देताना गूगल मॅप्सवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी व्यवस्था करण्याची अट घातली होती. ती रद्द करताना न्यायालयाने म्हटले की, आरोपीच्या प्रत्येक हालचालीचा माग काढण्याची सोय पोलिसांना करून देणारी जामिनाची अट अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या अधिकाराचा भंग करते. हा निकाल जामिनाच्या अटींपुरता आहे आणि त्यात गाडीखालच्या डबीचा विषय नव्हता, हे मान्य. तरीही न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभ्या असलेल्या माणसाबाबत जे चालत नाही, ते केवळ जबाब दिलेल्या माणसाबाबत कोणत्याही आदेशाविना कसे चालेल, हा युक्तिवाद आपल्या वकिलांना खुला आहे. पोलीस त्यावर तपास करण्याच्या आपल्या सर्वसाधारण कर्तव्याकडे बोट दाखवतील. माझ्या मते २०१७ नंतर तेवढे उत्तर पुरेसे नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यावर मात्र फारशी भिस्त ठेवू नका, कारण गुन्ह्यांच्या तपासाला त्यात मोठ्या सवलती आहेत.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावा लागेल, जो चित्रपट पाहून पसरलेला आहे : बेकायदा मिळवलेला पुरावा न्यायालयात आपोआप बाद होतो, असा. आपल्याकडे तसा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूरण मल प्रकरणात १९७३ साली म्हटले की, झडतीत बेकायदेशीरपणा असला तरी सापडलेला पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर तो केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही, आणि तो निर्णय आजही पुढे केला जातो. दुसऱ्या बाजूला मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात, पुट्टस्वामी निकालाचा आधार घेऊन, बेकायदा दूरध्वनी पाळतीचे आदेश रद्द केले आणि त्यातून मिळालेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. म्हणजे दार बंद नाही, पण ते आपल्याला ढकलावे लागेल.

डबी काढल्यास गुन्हा होतो का, याचे उत्तर देताना मला अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा एक निकाल सांगितल्यावाचून राहवत नाही. पोलिसांनी वॉरंट घेऊन एका संशयिताच्या गाडीला ट्रॅकर लावला होता. काही दिवसांनी संकेत येणे बंद झाले, तेव्हा पोलिसांनी त्याने यंत्र चोरले असावे असे म्हणून घराच्या झडतीचे दुसरे वॉरंट मिळवले, आणि त्या झडतीत अमली पदार्थ सापडले. न्यायालयाने तो पुरावा वगळला. आपल्या गाडीला चिकटलेली, कोणाचे नाव नसलेली, अनोळखी वस्तू काढून टाकण्याचा अधिकार माणसाला नाही असे मानल्यावाचून त्याला चोरीचा संशयित म्हणता येत नाही, असा तो विचार होता. आपल्या कायद्यातही चोरीसाठी दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू अप्रामाणिक हेतूने, त्याच्या संमतीवाचून घेणे आवश्यक आहे. स्वतःच्या बंपरखालची निनावी डबी साक्षीदारांसमक्ष काढून ती पोलीस ठाण्यात नेऊन देणाऱ्या माणसाचा हेतू अप्रामाणिक ठरवणे कठीण आहे. फोडणे, पाण्यात टाकणे, विकणे किंवा दुसऱ्या गाडीला लावणे यांबाबत मी असे आश्वासन देणार नाही.

म्हणून आपण पुढीलप्रमाणे वागावे, असे मला वाटते. डबी जागेवर असतानाच तिचे जवळून आणि दुरून, गाडीचा क्रमांक एका चौकटीत येईल असे फोटो आणि एक सलग व्हिडिओ घ्या. ज्या मेकॅनिकने ती पाहिली त्याच्याकडून तारीख-वेळेसह दोन ओळी लिहून आणि सही करून घ्या, कारण महिन्याभराने त्याला आजच्याइतके नेमके आठवणार नाही. डबीवर बाहेरून पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे यंत्राची ओळख पटवणारा, क्रमांक छापलेला असेल तर तो टिपून ठेवा. पण ती उघडून सिमकार्ड बाहेर काढू नका, ते काम कोणी तरी अधिकृतपणे केलेले बरे. मग वकिलांचा सल्ला घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. त्या तक्रारीत पोलिसांवर आरोप करू नका. ‘अज्ञात व्यक्तीने माझ्या संमतीवाचून माझ्या वाहनाला यंत्र लावले आहे, त्यातील सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे याचा शोध घ्यावा’ एवढेच लिहा. सिमकार्डाच्या मालकाचे नाव मोबाइल कंपनी आपल्याला देणार नाही, ते पोलिसांनाच मागवता येते. शिवाय या एका वाक्याने पोलिसांना भूमिका घ्यावी लागते : यंत्र त्यांचे नसेल तर त्यांना शोध घ्यावा लागेल, आणि असेल तर ते मौन पाळतील किंवा सांगतील; यांपैकी जे घडेल ते तारखेसह कागदावर येईल.

ठाण्यात अडचण येऊ शकते, हेही सांगून ठेवतो. स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पुरुषाच्या बाबतीत तितके सरळ कलम नाही, त्यामुळे आपली तक्रार अदखलपात्र (न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस जिचा तपास करू शकत नाहीत अशी) म्हणून नोंदवून घेतली जाण्याची शक्यता आहे. तशी नोंद झाली तरी तिची प्रत घ्या. नोंदच नाकारली तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे लेखी दाद मागता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. घरातील एखादी स्त्री ही गाडी चालवत असेल आणि तिला कोणाचा त्रास होत असेल तर तक्रारीत ते आवर्जून लिहा, कारण त्यामुळे प्रकरणाचे स्वरूप बदलते.

जबाबासाठी दोन महिन्यांपूर्वी आलेली नोटीस जपून ठेवली असेल तर ती काढून वकिलांना दाखवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली बोलावले असेल तर पोलिसांनी आपल्याला साक्षीदार मानले आहे. कलम ३५(३) ची नोटीस असेल तर संशयाची सुई आपल्याकडेही आहे. डबी पोलिसांची असण्याची शक्यता किती, याचा अंदाज या एका आकड्यावरून आपल्या आतापर्यंतच्या सर्व तर्कांपेक्षा बरा येईल.

तपास अधिकाऱ्याने ‘हे यंत्र आमचे आहे, परत द्या’ असे सांगितले तर वाद घालू नका आणि अडवूनही धरू नका. यंत्राचा क्रमांक, परत दिल्याची तारीख-वेळ, घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा यांसह लेखी पावती मागा, आणि ते कोणाच्या व कोणत्या आदेशाने लावले होते, हा प्रश्न वकिलांच्या पत्रातून जाऊ द्या. समाधानकारक उत्तर आले नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करून पाळत थांबवण्याची आणि साठवलेली नोंद नष्ट करण्याची मागणी करता येते. त्या वेळी आपली आजची छायाचित्रे, मेकॅनिकच्या दोन ओळी आणि ठाण्याची पोच हेच याचिकेचे जोडपत्र होईल.

वकिलांची वेळ घ्यायला उशीर करू नका. फक्त त्यांच्या कार्यालयात जाताना ही गाडी घरीच राहू द्या.